हरिकेन आर 4118 : 1:72 प्रतिकृतीचा एक प्रकरण अभ्यास

हॉकर हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाचे पहिले उड्डाण 6 नोव्हेंबर 1935 रोजी झाले, आणि 1944 मध्ये उत्पादन थांबेपर्यंत 14,000 हून अधिक हरिकेन तयार झाली. ती इंग्लंड, फ्रान्स, माल्टा, उत्तर आफ्रिका, रशिया आणि ब्रह्मदेश अशा भिन्न आघाड्यांवर लढली. त्यांचे पंखे (प्रोपेलर), तोफा, रंग आणि चिन्हे सतत बदलत राहिली. त्यामुळे प्लॅस्टिकच्या किटमधून हरिकेन जोडायला बसणाऱ्याला सर्वांत आधी ठरवावे लागते ते नेमके कोणते हरिकेन आणि कोणत्या महिन्यातले. हा निर्णय आधी पक्का झाला, तर पुढच्या बहुतेक शंका त्याच्या आधारे सुटतात. तो झाला नाही, तर 1940 च्या विमानावर 1941 ची चिन्हे बसतात आणि कापडी पृष्ठभागावर धातूचे ओरखडे उमटतात. या लेखात अशाच एका प्रतिकृतीचा, म्हणजे हरिकेन मार्क 1, क्रमांक आर 4118, हिच्या 1:72 प्रमाणातील बांधणीचा सविस्तर विचार केला आहे.

विमानाची निवड

आर 4118 हे विमान ग्लॉस्टर कंपनीच्या ब्रॉकवर्थ येथील कारखान्यात 1940 च्या उन्हाळ्यात तयार झाले. ऑगस्टमध्ये ते 605 स्क्वाड्रनकडे आले. त्या वेळी ही तुकडी स्कॉटलंडमधील ड्रेम येथे होती, आणि 7 सप्टेंबर 1940 रोजी ती लंडनच्या दक्षिणेला असलेल्या क्रॉयडन विमानतळावर हलवली गेली. ब्रिटनच्या लढाईच्या, म्हणजे 1940 मधील ब्रिटन-जर्मनी हवाई संघर्षाच्या, शेवटच्या आणि अतिशय कठीण आठवड्यांत या एका विमानाने 49 मोहिमा केल्या. नंतर ते 111 स्क्वाड्रनकडे, मग प्रशिक्षण तुकड्यांकडे गेले आणि 1943 च्या अखेरीस भारतात पाठवले गेले. युद्ध संपल्यावर ते बनारस हिंदू विद्यापीठाला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी मिळाले आणि तेथील आवारात अनेक दशके उघड्यावर राहिले. पीटर वॅचर या इंग्रज गृहस्थांनी ते 1982 मध्ये पाहिले, दीर्घ पाठपुराव्यानंतर 2001 मध्ये ते इंग्लंडला नेले, आणि संपूर्ण पुनर्बांधणीनंतर डिसेंबर 2004 मध्ये ते पुन्हा उडाले.

भारतातल्या विमानप्रेमींना या विमानाबद्दल जिव्हाळा वाटणे स्वाभाविक आहे. ब्रिटनच्या लढाईत प्रत्यक्ष लढलेले विमान वाराणसीच्या ऊन-पावसात उभे राहून टिकले, ही साधी घटना नव्हे. मात्र या दीर्घ आयुष्यामुळेच प्रतिकृतीचे काम अवघड होते. आर 4118 ची किमान तीन रूपे समोर येतात: 1940 चे लढाऊ विमान, बनारसमधला रंग उडालेला सांगाडा आणि 2004 नंतरचे निगा राखलेले, उडते विमान. आज सहज उपलब्ध असलेली बहुतेक रंगीत छायाचित्रे तिसऱ्या रूपाची आहेत, आणि त्यांचाच आधार घेऊन पहिल्या रूपाची प्रतिकृती करण्याचा मोह होतो.

या बांधणीसाठी ऑक्टोबर 1940 ची सुरुवात हा काळ निश्चित केला. त्या वेळी विमान क्रॉयडनला होते, जेमतेम दोन महिन्यांचे होते आणि जवळपास रोज उडत होते. पुनर्बांधणी झालेल्या विमानाची छायाचित्रे आकार, रचना, चाकांच्या खोबणीतील नळ्या आणि कॉकपिटची मांडणी यांसाठीच वापरायची, असा नियम त्याच वेळी ठरवला. रंगाची छटा, चमक आणि झीज यांसाठी ती छायाचित्रे बाजूला ठेवली, कारण आजचा रंग, आजची देखभाल आणि आजचे हँगर 1940 मध्ये नव्हते.

प्रमाण काय मागते

1:72 हे प्रमाण इंग्रजी मापांतून आले आहे: प्रत्यक्षातील सहा फूट म्हणजे प्रतिकृतीतील एक इंच. 1936 मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या फ्रॉग पेंग्विन या प्लॅस्टिक किटच्या मालिकेने हेच प्रमाण वापरले आणि ते आजतागायत टिकले आहे. हरिकेनच्या पंखांचा विस्तार 40 फूट, म्हणजे 12.19 मीटर, प्रतिकृतीत तो 169 मिलिमीटर होतो. हा आकार तळहातावर मावेल एवढाच आहे, आणि म्हणून येथे एक हिशेब सतत डोक्यात ठेवावा लागतो: प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे 72 मिलिमीटर. किटच्या पृष्ठभागावर पत्र्यांचे सांधे दाखवण्यासाठी कोरलेली रेषा 0.2 मिलिमीटर रुंद असेल, तर प्रत्यक्षात ती चौदा मिलिमीटरची फट ठरते. अशा फटी ठेवून कोणतेही लढाऊ विमान कारखान्याबाहेर पडले नसते. या रेषांत गडद काळा रंग भरून त्या उठावदार करण्याची पद्धत फार लोकप्रिय आहे, पण माझ्या मते ती विमानाला टाइल बसवलेल्या भिंतीसारखे रूप देते. या बांधणीत रेषांमध्ये मूळ रंगापेक्षा किंचित गडद छटा भरली, तीही फक्त इंजिनाच्या आवरणावर आणि पंखांच्या धातूच्या भागावर.

कॉकपिट

हरिकेनच्या कॉकपिटला सलग तळ नव्हता. वैमानिकाचे पाय दोन अरुंद पट्ट्यांवर टेकत आणि त्यांच्या मधून खाली विमानाच्या पोटातल्या नळ्या दिसत. किटमध्ये सोयीसाठी सपाट तळ दिलेला असेल, तर तो कापून प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या बसवाव्यात, एवढा एक बदल केला तरी कॉकपिटला खोली येते. आसनाचे पट्टे कागदी चिकटपट्टीच्या अरुंद फितींपासून केले. हरिकेनचे छत अनेक लहान काचांचे आणि जाड चौकटींचे आहे. ते मागे सरकवून उघडे ठेवल्यास आतले काम दिसते. पारदर्शक भागासाठी सुपरग्लू कधीही वापरू नये, कारण त्याच्या वाफेने काच धुरकट होते. पाण्यात विरघळणारा पांढरा डिंक येथे पुरेसा पकड देतो.

कापड, लाकूड आणि धातू

या संपूर्ण प्रकरणाचा गाभा येथे आहे. सिडनी कॅम यांनी आखलेले हरिकेन दोन युगांच्या सीमेवरचे विमान होते. त्याच्या शरीराचा मुख्य सांगाडा धातूच्या नळ्यांचा. कॉकपिटच्या मागे त्या सांगाड्यावर लाकडी कमानी आणि लांब लाकडी पट्ट्या, आणि त्यांच्यावर ताणून बसवलेले कापड. शेपटीचे पृष्ठभाग, सुकाणू आणि पंखांवरची हलती पाती हीसुद्धा कापडाने मढवलेली. सुरुवातीच्या हरिकेनचे पंखही कापडी होते, परंतु 1940 पर्यंत धातूच्या पत्र्याचे पंख रूढ झाले होते आणि आर 4118 ला तसेच पंख होते. म्हणजे एकाच विमानावर पुढचा भाग आणि पंख धातूचे, तर मागचा भाग कापडाचा. प्रतिकृतीत मात्र सर्व काही एकाच पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकचे असते, आणि हा फरक रंगातून व पृष्ठभागाच्या हाताळणीतून दाखवणे हे बांधणाऱ्याचे काम आहे.

पहिली अडचण सांध्याची येते. किटमध्ये शरीराचे डावे आणि उजवे असे दोन अर्धे असतात आणि त्यांचा सांधा विमानाच्या पाठीवरून थेट शेपटीपर्यंत जातो. धातूच्या विमानात असा सांधा पुट्टीने भरून सँडपेपरने घासला की काम संपते. हरिकेनच्या पाठीवर मात्र कापडाखालच्या लाकडी पट्ट्यांचे बारीक उंचवटे असतात, आणि बेफिकिरीने घासले की सांध्याबरोबर तेही नाहीसे होतात. म्हणून येथे पुट्टी शक्यतो टाळून पातळ सिमेंटवर भर दिला. हे सिमेंट प्रत्यक्षात प्लॅस्टिक विरघळवणारे द्रावक असते. दोन्ही भाग जुळवून धरले आणि ब्रशचे टोक सांध्याला टेकवले की ते फटीत आपोआप ओढले जाते. काही क्षणांनी भाग हलकेच दाबले की विरघळलेले प्लॅस्टिक बारीक मण्यांच्या ओळीसारखे वर येते, आणि तेच फट भरून काढते. एका वेळी दोन-तीन सेंटिमीटर लांबीच सांधावी आणि सर्व सांधा झाल्यावर किमान एक रात्र तो भाग बाजूला ठेवावा, कारण आत मऊ राहिलेले प्लॅस्टिक नंतर आक्रसते आणि रंग दिल्यावर सांध्याची जागा खोलगट दिसते.

घासण्यापूर्वी सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर चिकटपट्टी लावली आणि बारीक सँडपेपरची अरुंद पट्टी केवळ लांबीच्या दिशेने फिरवली. जेथे उंचवटा तरीही पुसट झाला तेथे स्प्रूचा, म्हणजे किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा, तुकडा मेणबत्तीच्या उष्णतेवर मऊ करून ताणला, त्याचा केसाएवढा धागा काढला आणि तो त्या रेषेवर सिमेंटने बसवला. सुकल्यावर त्यावरून एकदा सँडपेपर फिरवला की तो मूळ उंचवट्यात मिसळून जातो. हे उंचवटे फार ठळक नसावेत. खऱ्या विमानाचे कापड ताणून, त्यावर डोप हे वार्निशसारखे द्रव लावून घट्ट केलेले असते. अनेक किटमध्ये पट्ट्यांच्या मधले कापड उपाशी जनावराच्या बरगड्यांप्रमाणे खोल गेलेले दाखवतात, ते सौम्य करून घेणे योग्य.

पंख बसवताना कोनाकडे लक्ष हवे. हरिकेनच्या पंखाचा मधला भाग आडवा सपाट असतो आणि बाहेरचे दोन भाग तेथून साडेतीन अंशांनी वर उचललेले असतात. हा चढ पंखाच्या बुंध्यापासून सुरू होत नाही, तो चाकांच्या पलीकडच्या सांध्यापासून सुरू होतो. जाड कागदाचा साचा कापून दोन्ही टोकांची उंची जुळवली आणि सिमेंट पूर्ण वाळेपर्यंत प्रतिकृती त्या साच्यावरच ठेवली. पोटाखालच्या रेडिएटरच्या दोन्ही तोंडांच्या जाळ्या मात्र तो बसवण्यापूर्वीच रंगवाव्या लागतात, नंतर तेथे ब्रश पोहोचत नाही.

रंग

वरच्या बाजूचे रंग निर्विवाद आहेत: डार्क अर्थ हा तपकिरी आणि डार्क ग्रीन हा हिरवा. त्यांचे पट्टे ए आणि बी अशा परस्परांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या दोन आराखड्यांत रंगवले जात, आणि सम क्रमांकाला ए, विषम क्रमांकाला बी अशी साधारण रीत होती. आर 4118 हा सम क्रमांक असल्याने ए आराखडा घेतला.

खालच्या बाजूला अधिक विचार करावा लागतो. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश लढाऊ विमानांचा खालचा एक अर्धा भाग काळा आणि दुसरा पांढरा असे; जून 1940 मध्ये त्याऐवजी स्काय हा फिकट हिरवट रंग देण्याचा आदेश निघाला. सुरुवातीला या रंगाचा तुटवडा पडला आणि निळसर किंवा हिरवट अशा जवळच्या छटा वापरल्या गेल्या. आर 4118 चे उत्पादन या आदेशानंतरचे असल्याने काळा-पांढरा पर्याय तेथेच बाद होतो. मी प्रमाणित स्काय वापरला, त्यात पांढऱ्याचा एखादा थेंब मिसळून. लहान प्रतिकृतीवर शुद्ध छटा अंमळ जड दिसते, आणि खोलीतल्या प्रकाशात ती आणखी गडद भासते.

एअरब्रशने रंग देताना मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत एक अडचण हमखास येते. लॅकर किंवा द्रावकयुक्त वार्निश फवारले की द्रावक झपाट्याने उडून पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतील बाष्प धरते आणि थर दुधाळ होतो. शेवटच्या मॅट थरावर असे झाले तर गडद हिरव्या रंगावर ते ताबडतोब दिसते. पावसाळ्यात हे काम कोरड्या दिवसाच्या दुपारी करावे, थर पातळ द्यावेत आणि सावकाश वाळणारे थिनर वापरावे. अन्यथा पाण्यावर आधारित ॲक्रिलिक वार्निश हा सुरक्षित मार्ग आहे.

चिन्हे आणि अक्षरे

किटमधील डीकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे) दुसऱ्या स्क्वाड्रनचे होते, म्हणून 605 स्क्वाड्रनची यूपी ही अक्षरे आणि विमानाचे डब्ल्यू हे अक्षर स्वतंत्र डीकॅलमधून घेतले. ही अक्षरे मध्यम करड्या रंगाची आहेत. शरीरावरचे हवाई दलाचे वर्तुळाकार चिन्ह बाहेरून पिवळ्या कड्याचे आणि 35 इंच व्यासाचे, म्हणजे प्रतिकृतीत सुमारे 12.3 मिलिमीटर, पंखांच्या वरच्या बाजूला फक्त लाल-निळे वर्तुळ, शेपटीच्या उभ्या पात्यावर 24 इंच रुंदीचा तिरंगी पट्टा, म्हणजे साडेआठ मिलिमीटर. डीकॅल लावण्यापूर्वी ही मापे पट्टीने तपासून घ्यावीत.

जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवरून रंग ओळखताना एक सावधगिरी हवी. त्या काळी वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नसे. तिच्यावर लाल भाग काळपट आणि पिवळा भाग गडद उमटतो. अशा छायाचित्रात बाहेरचे कडे गडद दिसले म्हणून ते पिवळे नव्हते असे समजणे चूक ठरते. छायाचित्र कोणत्या प्रकारच्या फिल्मवर घेतले आहे याचा अंदाज आकाश, गवत आणि चेहरे यांच्या छटांवरून बांधता येतो.

ऑक्टोबर 1940 हा काळ निवडल्याचा सर्वांत मोठा परिणाम शेपटीवर दिसतो. शेपटीपुढचा स्काय रंगाचा पट्टा आणि त्याच रंगाचे पंख्याच्या मध्यावरचे शंकूसारखे टोक ही ब्रिटिश लढाऊ विमानांची ओळख अनेकांच्या मनात पक्की बसलेली आहे, परंतु ही चिन्हे नोव्हेंबर 1940 च्या अखेरच्या आदेशाने आली. ब्रिटनची लढाई म्हणून मांडलेल्या प्रतिकृतीवर हा पट्टा असणे ही काळाची सरळ चूक आहे. म्हणून येथे पट्टा नाही, आणि पंख्याचे टोक काळेच ठेवले आहे.

पंखांच्या पुढच्या कडेला, प्रत्येक बाजूला चार अशा आठ ब्राउनिंग मशीनगनची तोंडे लाल डोप लावलेल्या कापडाने झाकलेली असत, जेणेकरून आत धूळ आणि ओल जाऊ नये. बंदुका चालल्या की कापड फाटे आणि मागे काजळीचे पट्टे उमटत. या प्रतिकृतीत विमान उड्डाणासाठी सज्ज दाखवले असल्याने कापड अखंड ठेवले. काजळीचे फार पुसट अवशेष तेवढे पंखाच्या खालच्या बाजूला दाखवले.

झीज किती आणि कुठे

प्रतिकृती जुनी आणि वापरलेली दाखवण्याची हौस बहुतेकांना असते, आणि तंत्र हाती आले की ते सर्वत्र वापरले जाते. आर 4118 च्या बाबतीत विमानाचे वयच मर्यादा घालते. दोन महिन्यांचे विमान रंग उडालेले, गंजलेले नसणार. ते मळलेले असणार. क्रॉयडनचे मैदान गवताचे होते, विमाने उघड्यावर उभी असत, आणि जमिनीवरचे कर्मचारी दिवसातून कित्येकदा पंखावर चढत-उतरत. हरिकेनवर चढण्याची पायरी डाव्या बाजूला होती, म्हणून वैमानिकाच्या पायांची झीज डाव्या पंखाच्या बुंध्याशी उजवीपेक्षा जास्त हवी. तेथे चंदेरी रंगाचे मोजके ठिपके स्पंजच्या कडेने उमटवले.

त्यापलीकडे चंदेरी रंग नाही. कॉकपिटच्या मागचा सर्व भाग कापडाचा आहे. तेथील रंग खरवडला तर खाली कापड दिसेल, ॲल्युमिनियम दिसणार नाही. या विमानाच्या रोटोल बनावटीच्या पंख्याची पातीही लाकडी होती, म्हणून त्यांच्या कडांवर धातूचे ओरखडे दाखवणे चूक, हे फार चांगल्या हातांकडूनही निसटते. पात्यांच्या टोकांचा पिवळा पट्टा चार इंचांचा, म्हणजे प्रतिकृतीत सुमारे 1.4 मिलिमीटर. कापडी भागावर तेलकट, धुळकट छटा अतिशय विरळ ऑइल रंगाने दिली आणि ती वरून खाली ओढली. धातूच्या भागावरचा शेवटचा थर किंचित तकतकीत आणि कापडी भागावरचा अधिक मॅट ठेवल्याने दोन पदार्थांमधला फरक वेगळा रंग न वापरताही जाणवतो.

धुराच्या नळ्यांमागचे डाग काळेभोर करणे टाळले. 1940 पर्यंत ब्रिटिश हवाई दलाच्या फायटर कमांड या लढाऊ विभागाची मर्लिन इंजिने (हरिकेनलाही हेच इंजिन होते) शिसेयुक्त 100 ऑक्टेन पेट्रोलवर चालू लागली होती, आणि अशा इंधनाचा डाग कडेला तपकिरी व मध्यभागी फिकट करडा असतो. हा डाग नळ्यांपासून मागे, पंखाच्या बुंध्यावरून जातो आणि जसजसा लांब जातो तसतसा विरतो.

रेडिओची तार

शेवटचा निर्णय पाठीवरच्या खांबापासून सुकाणूपर्यंत जाणाऱ्या तारेचा होता. जुन्या हाय फ्रीक्वेन्सी रेडिओला ती लागत असे. 1940 च्या उत्तरार्धात व्हीएचएफ रेडिओ बसू लागले, आणि तो बसवलेल्या विमानाला खांबच अँटेना म्हणून पुरत असे. तारेचा प्रश्न अशा रीतीने रेडिओच्या प्रकाराशी जोडलेला आहे आणि प्रत्येक विमानासाठी वेगळा ठरवावा लागतो. दुसरी बाजू प्रमाणाची आहे. खरी तार काही मिलिमीटर जाडीची. 1:72 मध्ये तिची जाडी मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी होते, आणि ताणलेल्या स्प्रूचा किंवा लवचीक धाग्याचा सहज मिळणारा नमुना बहुधा त्याहून जाड असतो. या दोन्ही कारणांनी खांब ठेवला आणि तार वगळली. ज्यांना ती हवी असेल त्यांनी ती मॅट थर पूर्ण वाळल्यानंतरच बसवावी, आणि तिला काळ्याऐवजी गडद करडा रंग द्यावा, म्हणजे ती खऱ्याहून जाड असली तरी डोळ्यांत भरणार नाही.